द्वाड शेळीची धार

आठवडी बाजारात दुभत्या शेळ्यांच्या रांगेत एखादी अशी हमखास असते, की कास भरदार, वय चार दाती, अंगाखाली जुळी करडं, आणि तरीही मालकाने किंमत कमी सांगितलेली. खोदून विचारलं की तो म्हणतो, ‘शेळी चांगली आहे, पण धार देत नाही. लाथाळ आहे.’ अशी शेळी पुढे खाटकाकडे तरी जाते, नाहीतर दर बाजाराला मालक बदलत राहते. मला या शेळ्यांबद्दल फार वाटतं, कारण त्यांच्यातल्या बहुतेक जणी जन्मतः द्वाड नसतात. लाथेमागे दुखणं असतं, भीती असते किंवा माणसानेच नकळत लावलेली सवय असते. या तिन्हींपैकी काय आहे ते ओळखता आलं आणि हाताला धार काढायचं वळण आलं, तर यातल्या कितीतरी शेळ्या महिन्याभरात शांत उभ्या राहू लागतात.

महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेत सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ या आपल्या जाती. (उस्मानाबाद जिल्हा आता धाराशिव झाला, शेळीचं नाव मात्र जुनंच चालू आहे.) यांतल्या बहुतेक शेळ्या पाळल्या जातात त्या करडांसाठी आणि मटणासाठी. उस्मानाबादी शेळी दिवसाला अर्धा ते दीड लिटर दूध देते, त्यातलं करडांना पाजून उरेल ते घरच्या चहाला आणि लहान मुलांना. एवढ्याशा दुधासाठी कोणी यंत्र घेत नाही. धार हातानेच काढायची. उत्तरेकडच्या बीटल किंवा जमनापारी शेळ्यांचे सड लांब असतात, मुठीत सहज बसतात. आपल्याकडच्या शेळ्यांची निवड पिढ्यान् पिढ्या दुधासाठी झालीच नाही, त्यामुळे आखूड सड आणि हात लावू न देणारा स्वभाव दोन्ही टिकून राहिले. आपल्या गोठ्यात धार काढायला शिकणारा माणूस अवघड शेळीवरच शिकत असतो, हे आधी लक्षात घ्यायला हवं.

हात लावण्याआधी कास आतून कशी असते ते समजून घेऊ. शेळीला दोन सड, कासेचे दोन भाग. गाय-म्हशीचे चार. हे भाग एकमेकांपासून पूर्ण वेगळे असतात. उजव्या भागातलं दूध डाव्या सडातून कधीच येत नाही. प्रत्येक भागात वरच्या बाजूला दूध तयार करणाऱ्या सूक्ष्म पिशव्या, त्यांतून निघणाऱ्या नळ्या आणि खाली एक मोठी पोकळी, जी थेट सडात उतरते. सडाच्या टोकाला एकच छिद्र. त्याभोवतीचा गोल स्नायू एरवी ते घट्ट मिटून ठेवतो, म्हणून भरलेली कासही गळत नाही.

शेळीचं वेगळेपण त्या पोकळीत आहे. धारेच्या वेळेपर्यंत तिचं जवळजवळ तीन-चतुर्थांश दूध पोकळीत उतरून थांबलेलं असतं. गाईचं जेमतेम पाचवा हिस्सा उतरतं, म्हशीचं तर विसावा हिस्सा. म्हणून म्हैस पान्हवल्याशिवाय भांड्यात थेंब पडत नाही आणि शेळीची धार मात्र सडाला हात घातल्याबरोबर सुरू होते. शिकणाऱ्याला याचा मोठा आधार मिळतो: शेळी घाबरलेली असली तरी बरंचसं दूध हाताशी असतंच. पण फसगतही इथेच होते. पहिलं दूध सहज आलं, मग धार बारीक झाली, तेव्हा नवखा माणूस समजतो की संपलं. वरच्या पिशव्यांमधला पाव हिस्सा अजून तसाच असतो, आणि तो शेळीने पान्हा सोडल्याशिवाय खाली येत नाही.

हे उरलेलं दूध सोडून देणं महागात पडतं. स्कॉटलंडमधल्या एअर इथल्या हॅना संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात शेळ्यांवर यासंबंधी फार सुंदर प्रयोग झाले. एकाच शेळीच्या कासेचा एक भाग दिवसातून जास्त वेळा पिळला आणि दुसरा नेहमीसारखाच, तर दूध वाढलं ते फक्त जास्त वेळा रिकाम्या केलेल्या भागाचं. खाणं एक, रक्त एक, शेळी एक, तरी दोन भागांचं दूध वेगळं. म्हणजे किती दूध बनवायचं याचा हिशेब प्रत्येक भाग आपल्यापुरता ठेवतो, आणि आत दूध साचून राहिलं की आपला वेग कमी करतो. लाथांच्या भीतीने धार अर्धवट सोडली की काही दिवसांतच शेळी आटू लागते ती यामुळे. मालक म्हणतो शेळीला दूधच नाही.

आता हात. नवखा माणूस सड खाली ओढतो. बहुतेक लाथांची सुरुवात इथे होते. ओढल्याने सडाच्या आतलं नाजूक अस्तर ताणलं जातं, कासेला जिथे सड जोडलेला असतो तिथे कळ येते, आणि दूध तर फारसं येतच नाही. धार ओढण्याने निघत नाही, दाबाने निघते. अंगठा आणि तर्जनी यांचं कडं करून सड वर, कासेला लागून, बंद करायचा. आता सडात अडकलेलं दूध वर परत जाऊ शकत नाही. मग मधलं बोट, अनामिका, करंगळी अशी बोटं ओळीने मिटत न्यायची, पेटीवर एकामागून एक सूर दाबावेत तशी. दूध खाली ढकललं जातं, टोकाचा स्नायू उघडतो आणि धार सुटते. मग मूठ पूर्ण सैल सोडायची, म्हणजे पोकळीतून सडात पुन्हा दूध उतरतं. ही सैल सोडण्याची वेळ शिकणारे विसरतात. घाईघाईने रिकामाच सड पुन्हा पुन्हा दाबत बसतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे वरचं कडं ढिलं ठेवून खालून दाबणं. मग दूध उलटं वर कासेत चढतं. भरलेल्या, तटतटलेल्या कासेत असा उलटा दाब बसला की शांत शेळीसुद्धा पाय उचलते, आणि तिला दोष देता येत नाही.

याला मूठ पद्धत म्हणतात, आणि जमेल तिथे हीच वापरावी. पहिलारू उस्मानाबादी शेळीचा सड कधी कधी इतका आखूड असतो की त्यावर दोनच बोटं बसतात. मग अंगठा, तर्जनी आणि फार तर मधलं बोट एवढ्यावरच तेच तंत्र वापरायचं: वर बंद, खाली दाब, मग सैल. चिमटीत धरून सरसर खाली ओढण्याची पद्धत शेवटचं दूध निपटण्यापुरतीच ठेवावी. अंगठा मुडपून त्याचं पेर सडावर दाबायची सवय पुष्कळांना असते. तिने सडाला आतून इजा होते आणि पुढे गाठी येतात. ती लागूच देऊ नये.

शेळीला त्रास न देता सराव करायचा असेल तर रबरी हातमोज्यात कोमट पाणी भरून तोंड बांधावं आणि एका बोटाच्या टोकाला सुईने बारीक छिद्र पाडावं. कडं नीट बसलं नाही तर पाणी वर पळतं, आणि चूक कुठे होते ते डोळ्यांना दिसतं. मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू सुरुवातीला फार दुखतात. थकलेला हात ओढायला लागतो, म्हणून शेळीपाशी बसण्याआधी हाताची ही ताकद कमावलेली बरी. नखं कापलेली हवीत. थंडीत हात चोळून किंवा कोमट पाण्यात बुडवून गरम करावेत.

एवढं करूनही शेळी लाथ मारते. मग काय?

आधी पाहायचं की दुखतंय का. झुडपांत चरणाऱ्या शेळीच्या सडावर बोरी-बाभळीच्या काट्यांचे ओरखडे असतात. करडांच्या ओठांवर मावा उठला असेल तर पिताना तो आईच्या सडावर येतो, खपल्या धरतात, आणि प्रत्येक दाबाला जखम फुटते. (हा रोग माणसाच्या हातालाही लागतो, तेव्हा हातमोजे घालावेत.) नुकत्याच व्यालेल्या शेळीच्या कासेला सूज असते, ती काही दिवसांत उतरते, तोवर थोडं थोडं पण वरचेवर पिळणं बरं. कासेचा एक भाग गरम, कडक आणि दुखरा लागला, दुधात गुठळ्या किंवा रक्त दिसलं, तर ती दगडी, म्हणजे कासेचा दाह. तो भाग निळसर आणि थंड पडला असेल तर एक दिवसही न थांबता पशुवैद्यकाला बोलवावं. त्यात शेळी दगावते. एकाच सडाला हात लावल्यावर शेळी उडते आणि दुसऱ्याला नाही, ही दुखण्याची साधी खूण आहे. अशा शेळीला शिस्त लावत बसणं क्रूरपणाचं आहे.

दुखणं नसेल तर भीती. भीतीचा दुधाशी असलेला संबंध कसा उलगडला, ती गोष्ट थोडी सांगायलाच हवी, कारण तिची सुरुवातच शेळीपासून होते. १९१० साली अमेरिकेत आयझॅक ऑट आणि जॉन स्कॉट यांनी दुभत्या शेळीला पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचला आणि कासेतून दूध भराभर वाहू लागल्याचं पाहिलं. मेंदूच्या तळाशी असलेल्या चिमुकल्या ग्रंथीचा कासेशी काय संबंध, हे कोडं तेव्हा सुटलं नव्हतं. त्या अर्कातलं संप्रेरक म्हणजे ऑक्सिटोसिन. करडू कासेला ढुशी देतं, सड चोखतं, किंवा ओळखीचा हात कासेवर फिरतो, तेव्हा पियुषिकेतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आकसतात आणि वरचं दूध खाली पोकळीत येतं. हाच पान्हा. त्याचा जोर काही मिनिटंच टिकतो.

पुढे १९४१ साली फोर्डाइस ईली आणि पीटरसन या अमेरिकी संशोधकांनी गाईंवर प्रयोग केले. धार चालू असताना गाईच्या पाठीवर मांजर ठेवायचं आणि कागदी पिशव्या फोडून धडाधड आवाज करायचे. गाई दचकल्या आणि दूध थांबलं. न घाबरवता नुसतं अ‍ॅड्रेनालिन टोचलं तरी तसंच झालं. भीतीने सुटलेलं हे संप्रेरक कासेच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि पान्हा अडतो. आपल्याकडे म्हणतात जनावर पान्हा चोरतं. चोरत नाही, घाबरलेल्या जनावराला तो सोडताच येत नाही. काठी दाखवून, ओरडून, चौघांनी धरून काढलेली धार म्हणून नेहमी अपुरी राहते, आणि अपुऱ्या धारेने दूध आटतं हे वर पाहिलंच.

जबरदस्तीने पान्हा काढायचा एक अमानुष मार्ग या देशात पूर्वी सर्रास चालत असे. तो म्हणजे फुंका. जनावराच्या जननमार्गात नळीने हवा फुंकायची, त्या वेदनेने आणि ताणाने पान्हा सुटायचा. गाई-म्हशींवर होणाऱ्या या प्रकाराच्या विचाराने गांधीजींना दुधाचा तिटकारा आला होता, आणि दक्षिण आफ्रिकेत असतानाच त्यांनी दूध न घेण्याचं व्रत घेतलं होतं. १९१८ साली खेडा जिल्ह्यात ते आमांशाने फार आजारी पडले. पुढे मुंबईत डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं, की शेळीच्या दुधाला तर तुमची हरकत नसावी. ते शेळीचं दूध घेऊ लागले ते इथून. व्रताचा शब्द पाळला पण आत्मा मोडला, ही खंत त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिली आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमाने फुंका हा गुन्हा ठरवला, आणि दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देण्यालाही तेच कलम लागू होतं. लाथाळ शेळीला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचून धार काढण्याचा सल्ला कुणी दिला तर तो साफ नाकारावा.

मग भीती घालवायची कशी? एकाच जागी, एकाच वेळी, शक्यतो एकाच माणसाने धार काढून. गोठ्यात नवी सून धार काढायला बसते तेव्हा जाणती बाई तिला सांगते, ‘अगं, आधी तिला हात हुंगू दे.’ सासूच्या हाताची सवय झालेलं जनावर सुनेला जवळ करत नसेल तर सासूचं लुगडं अंगाभोवती घ्यायचं, अशीही रीत सांगतात. वास आणि रूप ओळखीचं राहिलं की निम्मी भीती जाते, यात मला काही नवल वाटत नाही. समोर घमेल्यात भरडा किंवा बाभळीच्या शेंगा असाव्यात, आणि हा खाऊ धारेच्या वेळेसच मिळावा, एरवी नाही. लाकडी चौथरा करता आला तर उत्तम: साधारण दीड फूट उंच, पुढे मान अडकवायला खाच. शेळी उंचावर चढायला मुळातच राजी असते, आणि माणसाची पाठही वाचते. चौथरा नसेल तर तिला भिंतीला समांतर उभी करून दुसऱ्या बाजूने आपण बसायचं, डोकं किंवा खांदा तिच्या कुशीला टेकवून. ती पाय उचलण्याआधी अंगाचा तोल बदलते, आणि टेकवलेल्या खांद्याला ते आधी कळतं. भांडं तेवढ्यात बाजूला घेता येतं.

तिसरं कारण सवय, आणि खरा कस इथे लागतो. शेळीने लाथ मारली, माणसाने दचकून हात काढला, धार थांबली. शेळी एवढ्यात शिकली. पुढच्या वेळी ती आधीच लाथ मारेल. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या एका आश्रयस्थानातल्या शेळ्यांना संशोधकांनी दांडी ओढून आणि उचलून डब्यातला खाऊ काढायला शिकवलं होतं. दहा महिन्यांनंतरही त्या शेळ्यांना ती युक्ती आठवत होती, असं २०१४ साली प्रसिद्ध झालं. अशा स्मरणशक्तीच्या जनावराला लाथेचा उपयोग होतो हे एकदा कळलं की ते विसरत नाही. म्हणून लाथ आली तरी हात कासेवरच ठेवायचा. पिळायचं नाही, दाबायचं नाही, ओरडायचं नाही. तळहात कासेला धरून तिच्या हालचालीबरोबर हलू द्यायचा. ती थांबली की लगेच पुन्हा धार. तिला उमगायला हवं ते इतकंच, की लाथेने माणूस जात नाही आणि शांत राहिल्याने काम लवकर उरकतं.

सुरुवातीच्या दिवसांत भांडं खाली ठेवूच नये. एका हातात तांब्या धरावा आणि दुसऱ्या हाताने एक एक सड पिळावा. दूध कमी निघेल, पण सांडणार नाही आणि शेण-मातीही पडणार नाही. अगदीच उडणारी शेळी असेल तर मदतीला दुसरं माणूस घेऊन तिच्या मागच्या पायाच्या मधल्या सांध्यावरची जाड शीर मुठीत घट्ट धरायला सांगावं. पाय झाडायचं बळ कमी होतं. दोरीने मागचा एक पाय खुंट्याला बांधतात तेही चालतं, मात्र गाठ एका झटक्यात सुटणारी हवी. दोन्ही पाय आवळून बांधलेली शेळी कोसळते आणि कास चिरडून घेते. बांधणं हे थोड्या दिवसांचं साधन आहे. रोज थोडं सैल करत नेलं नाही तर शेळी शिकते ते फक्त दोरीला घाबरायला.

करडांची सोय लावली की धारेचं गणित सोपं होतं. चीक संपेपर्यंत आईचं दूध करडांचंच. ती दोन-तीन आठवड्यांची होऊन नीट पिऊ-खेळू लागली की रात्री डालग्याखाली किंवा कुडाआड ठेवायची, पहाटे धार काढायची आणि दिवसभर आईबरोबर सोडायची. पहाटे करडं नजरेसमोर असली तर काही शेळ्या शांत राहतात आणि काही त्यांच्यासाठी कासावीस होतात. आपली कोणती ते पाहून ठरवावं. शेवटी करडू कासेला ढुशा देतं तशी हाताने कास हलकेच वर उचलून दोन-तीनदा हलवली की राहिलेलं दूध उतरतं. ते निपटून घ्यायचं.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात, पण ते टाळू नये. कास कोमट पाण्याने पुसून कोरडी करावी, पहिल्या एक-दोन धारा काळ्या फडक्यावर घेऊन गुठळ्या पाहाव्यात आणि त्या भांड्यात घेऊ नयेत. सडाला दूध चोपडून ओल्या हाताने पिळायची सवय सोडावी. रोग एका शेळीकडून दुसरीकडे जातो तो अशाच हातांनी. धारेनंतर सडाचं छिद्र मिटायला अर्धा तास तरी लागतो, म्हणून सड आयोडीनच्या द्रावणात बुडवून शेळीपुढे पाला टाकावा, म्हणजे ती लगेच खाली बसत नाही. आणि दूध उकळूनच प्यावं. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना वर्षानुवर्षं येणारा ताप दारोदार धार काढून दिल्या जाणाऱ्या, दिसायला धडधाकट शेळ्यांच्या दुधातून येत होता, हे थेमिस्टोक्लीस झामिट यांनी १९०५ साली शोधून काढलं. तो रोग आजही आपल्याकडे आहे.

शेळी पुन्हा गाभण राहिली की १५० दिवसांच्या गाभणकाळातले शेवटचे दोन महिने धार बंद ठेवावी. खुराक कमी करून, धारांमधलं अंतर वाढवत तिला आटवावं. लावलेली सवय तेवढ्या काळात जात नाही. घरच्या पाठीला, म्हणजे अजून न व्यालेल्या तरुण शेळीला, मात्र पहिल्या विण्याआधीच तयार करावं. शेवटच्या महिन्यात तिला रोज आईच्या जागेवर उभं करून खाऊ द्यायचा, पोटाखाली, मांड्यांच्या मध्ये आणि मग कासेवर हात फिरवायचा, तिने पाय झाडला तरी हात न काढता. सड पिळायचे मात्र नाहीत, कारण त्यांच्या टोकाशी बसलेलं मेणासारखं बूच रोगजंतूंना आत येऊ देत नाही. ती व्याली की दोन्ही सडांतून एक एक धार काढून बूच निघालंय ना ते पाहायचं आणि लगेच करडं लावायची.